लोणारचा खार, सातपुड्याचा बिबा आणि बाटलीतले परिरक्षक

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला लोणारचे विवर आणि उत्तर अंगाला सातपुड्याची उतरण आहे, आणि या दोन ठिकाणांहून दोन अशी द्रव्ये पिढ्यानपिढ्या गावोगाव पोहोचत आली की ज्यांच्यावाचून घराचे भागत नसे आणि ज्यांच्यापासून जपूनही राहावे लागे. लोणारचा खार कपड्यांचा मळ काढी आणि काच व साबण करण्याच्या कामी येई. सातपुड्याच्या पायथ्याचा बिबा काटा मोडलेल्या पायाला आणि भेगाळलेल्या टाचेला लावला जाई. परंतु खाराने हात फुटत, आणि बिबा अंगावर उतला तर धडधाकट माणूसही कित्येक दिवस कामातून जाई. या द्रव्यांची जागा आता साबणाने, जंतुनाशक द्रावणाने, नळीतल्या मलमाने आणि पुडीतल्या शांपूने घेतली असून, त्यांच्यामुळे होणारे त्वचेचे विकार जुन्या विकारांच्या मानाने बहुधा सौम्य असतात. पण एक फरक असा पडला आहे की खाराचे आणि बिब्याचे नाव, रूप आणि गुण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे, तर नव्या वस्तूतील नेमके कोणते द्रव्य आपल्या कातडीला लागते याचा पत्ता वापरणाऱ्याला नसतो. जिल्ह्यातील स्वच्छतेचा आणि घरगुती औषधांचा इतिहास या फरकाच्या अंगाने अद्याप फारसा पाहिला गेलेला नाही.

आरंभीच दोन प्रकारच्या त्वचाविकारांमधील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखादे द्रव्य आपल्या तिखटपणानेच कातडीचा वरचा थर खात असेल तर त्याला दाहक द्रव्य म्हणतात; असे द्रव्य पुरेसे तीव्र असले आणि पुरेसा वेळ लागले तर कोणाचीही कातडी भाजते, त्यात व्यक्ती-व्यक्तींमध्ये फरक असला तरी तो कमीअधिक प्रमाणाचा असतो. ॲलर्जीची, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत अधिहर्षतेची, गोष्ट निराळी आहे. येथे द्रव्य स्वतः निरुपद्रवी असू शकते, शेजारच्या नऊ जणांना ते वर्षानुवर्षे चालतेही. दहाव्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकलेली असते आणि ते पुन्हा लागले की एक-दोन दिवसांनी त्या जागी खाज, लाली, पुरळ आणि पाणी सुटणे सुरू होते. गावात या साऱ्याला सरसकट इसब म्हटले जाते. खार हे पहिल्या प्रकारचे द्रव्य होय, बिबा मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे, आणि आजची जंतुनाशके व परिरक्षके दोन्ही बाजूंना मोडतात. परिरक्षक म्हणजे एखाद्या तयार वस्तूत बुरशी आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून अल्प प्रमाणात मिसळलेले रसायन.

लोणारच्या खाराचा उल्लेख फार जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात आल्यावर अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’मध्ये या सुभ्याचे जे वर्णन केले, त्यात मेहकरच्या हद्दीतील लोणार हे पवित्र क्षेत्र असल्याचे सांगून, काच आणि साबण करण्यासाठी लागणारी सर्व सामग्री तेथे मिळते आणि तिच्यावरील करातून सरकारला चांगले उत्पन्न होते अशी नोंद केली आहे. विवराच्या तळाशी असलेल्या सरोवराचे पाणी उन्हाळ्यात आटू लागले की काठावर आणि तळाशी क्षारांचे थर धरत, आणि ते गोळा करणाऱ्यांनी त्यांच्या शुद्धतेनुसार व आकारानुसार दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे दिली होती. यांतील मुख्य घटक म्हणजे सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, आणि त्यांच्या जोडीला साधे मीठ. निजामाच्या अमलातही हा व्यापार चालू होता. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे भूवैज्ञानिकांचे लक्ष या सोड्याकडे वळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ला टूश आणि ख्रिस्ती या दोन अधिकाऱ्यांनी १९१२ मध्ये लोणारवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विवराच्या उत्पत्तीइतकेच त्यातील क्षारांनाही महत्त्व दिलेले आढळते.

हा खार कातडीला का झोंबतो हे समजण्यासाठी एक माप ध्यानात घ्यावे लागते. द्रवाची आम्लता किंवा क्षारता पीएच या अंकाने मोजतात. सात हा अंक मध्यम, त्याखाली आम्ल आणि त्यावर क्षार. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल, म्हणजे पाचाच्या आसपास असतो, आणि लोणार सरोवराचे पाणी दहाच्या आसपास असते. इतका क्षार कातडीवरचा स्निग्ध थर विरघळवतो आणि वरच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा बंध सैल करतो. परीट, रंगारी आणि खार उपसणारे मजूर यांचे हात फुटत ते यामुळे. पण त्यात गूढ काही नव्हते: खार लागला, हात चुरचुरले, हात धुऊन तेल लावले, असा कार्यकारणाचा सरळ हिशेब होता, आणि खाराचे काम करणाऱ्या प्रत्येकाला तो करता येत असे. आज हे सरोवर अभयारण्य आणि २०२० पासून रामसर पाणथळ स्थळ म्हणून संरक्षित असून खाराचा व्यापार इतिहासजमा झाला आहे, तरी काठावरची सासू-सुनेची विहीर आणि तिच्या गोड्या-खाऱ्या पाण्याची ख्याती आजही टिकून आहे.

बिब्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेकडील जंगलात बिब्याची झाडे आहेत. त्याचे काळे, चपटे, हृदयाच्या आकाराचे फळ आठवडी बाजारात मिळते आणि लिंबू-मिरचीबरोबर दारावर किंवा गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेही जाते. फळाच्या कवचातील मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांत दाट काळे तेल असते. हे तेल काढण्याची घरगुती पद्धत अशी की बिब्यात सुई किंवा दाभण खुपसून तो दिव्याच्या ज्योतीवर धरायचा. कवच तापले की तेल फुटून सुईवरून थेंबाथेंबाने गळू लागते, आणि तो थेंब काटा मोडलेल्या जागी किंवा टाचेच्या भेगेत अचूक पाडायचा. थेंब पाडणारा हात बहुधा घरातील एखाद्या जाणत्या बाईचा किंवा म्हाताऱ्या माणसाचा असे, लहान मुलांना आधी दूर बसवले जाई, आणि तेल जखमेच्या कडेला ओघळू नये म्हणून भोवती चुना किंवा तूप लावण्याचीही रीत होती. जखम पिकू नये हा हेतू ध्यानात घेतला तर जंतूंची कल्पना नसलेल्या काळातील हे जंतुनाशकच म्हटले पाहिजे.

याच तेलातील भिलावनॉल या गटाची रसायने तीव्र ॲलर्जी निर्माण करतात. बिबा उतला म्हणजे तेल लागलेल्या जागी काळा डाग पडतो, भोवताली सूज आणि पाणीदार फोड येतात, आणि जेथे तेल लागलेच नव्हते अशा चेहऱ्यावर किंवा पापण्यांवरही पुरळ उठते. आयुर्वेदाने भल्लातक या नावाने त्याला रसायन औषधांत स्थान दिले, परंतु विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे शोधन केल्याशिवाय तो वापरू नये असा दंडक घातला. उतलेल्या बिब्यावर तीळ, खोबरे आणि लोणी यांचा उपचार सांगितला गेला. कोणाला बिबा सोसतो आणि कोणाला सोसत नाही, हे घराघरात ठाऊक असे. ज्याला एकदा उतला त्याच्या अंगाला तो पुन्हा लावायचा नाही, एवढे ज्ञान आधुनिक ॲलर्जीशास्त्राच्या मूळ सूत्राशी तंतोतंत जुळते, आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेवाचून मिळवलेले होते. विदर्भ-मराठवाड्यात बिबे फोडून आतील गोडंबी काढणाऱ्या बाया मात्र या ज्ञानाचा लाभ पूर्णपणे घेऊ शकल्या नाहीत, कारण पोटासाठी ते काम त्यांना करावेच लागे; काळी पडलेली आणि सोललेली बोटे ही त्यांच्या धंद्याची ओळख झाली.

पाश्चात्त्य वैद्यकाला बिब्याची ओळख पटली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही परिटाच्या मार्गाने. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून हिंदुस्थानातील परीट बिब्याच्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करीत, कारण हा डाग कितीही धुतला तरी जात नाही. येथे आलेल्या अमेरिकी सैनिकांना मानेच्या मागे आणि कमरेवर, नेमक्या ज्या ठिकाणी ती खूण कातडीला घासे तेथे, चकत्या उठू लागल्या, आणि १९४३ मध्ये लिव्हिनगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या सैनिकी डॉक्टरांनी त्याचे कारण ओळखून ते प्रसिद्ध केले. धुऊन वाळवलेल्या कापडातील सुकलेल्या खुणेतही माणसाला आजारी पाडण्याइतके द्रव्य शिल्लक राहते, ही गोष्ट त्यांना विशेष वाटली. अत्यल्प मात्रेचे हे सूत्र पुढे बाटलीबंद परिरक्षकांच्या बाबतीत पुन्हा पुढे येणार होते.

जुन्या घरातील प्रसाधनांकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते: त्यांत साठवलेले पाणी जवळजवळ नव्हते. शिकेकाई, रिठे, उटणे, हळद ही सारी कोरडी. करडईचे, तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल, तूप आणि मेण ही सारी स्निग्ध. जंतूंना वाढण्यासाठी पाणी लागते, आणि ते नसल्यामुळे या वस्तू महिनोन्‌महिने टिकत; पाणी घालायचे ते वापरण्याच्या क्षणी, आणि उरलेले फेकून द्यायचे. हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस यांचे पुट देऊन केलेले कुंकूही अखेर वाळवून कोरडेच ठेवले जाई आणि कपाळावर मेण लावून त्यावर ते टेकवले जाई. या कारणाने परिरक्षक नावाच्या वस्तूची गरजच या संस्कृतीला फारशी पडली नाही.

बदलाची सुरुवात रेल्वेने झाली. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी जिल्ह्याच्या उत्तर पट्ट्यातून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते, १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याला जोडले गेले. पण कापसाची मोठी पेठ म्हणून त्याचे नाव तोपर्यंत सर्वदूर झालेले होते. कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या डब्यांतून परतीच्या वाटेने विलायती माल येऊ लागला, आणि त्यात साबण हा एक प्रमुख होता. जोसेफ लिस्टर याने १८६७ मध्ये कार्बॉलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली होती, आणि १८९४ मध्ये इंग्लंडातील लीव्हर बंधूंनी तेच आम्ल घातलेला लाइफबॉय साबण काढला, जो पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात पोहोचला. त्यानंतर लगेच, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वऱ्हाडालाही त्याने ग्रासले. घरे फिनेलने धुणे, सामान उन्हात काढणे, गाव सोडून शेतात झोपड्या घालणे या गोष्टींबरोबर जंतू या कल्पनेचा आणि औषधी वासाच्या साबणाचा प्रवेश सामान्य घरात झाला. पुढे खामगावच्या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्थान लिव्हरचा साबणाचा कारखानाच उभा राहिला, आणि ज्या जिल्ह्याने मोगल काळात साबणाचा कच्चा माल पुरवला होता तो तयार साबणाचा उत्पादक झाला.

जंतुनाशके जंतूंबरोबर माणसाच्या कातडीलाही सोडत नाहीत, हे डॉक्टरांना आरंभापासून स्वतःच्या हातांवर दिसत होते. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणाऱ्या कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांना पारायुक्त जंतुनाशकाने तीव्र इसब झाले, आणि शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड याने तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. जगभर आज वापरले जाणारे शस्त्रक्रियेचे हातमोजे अशा रीतीने एका जंतुनाशकाच्या त्रासातून जन्मले. पुढे १८९५ मध्ये ग्राट्स येथील जर्मन त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत योझेफ याडासोन याने संशयित द्रव्याचा अंश कातडीवर पट्टीखाली ठेवून प्रतिक्रिया पाहण्याची परीक्षा मांडली. तीही पाऱ्याच्याच मलमाच्या रुग्णावर केलेली होती. या परीक्षेला आज पट्टीपरीक्षा किंवा पॅच टेस्ट म्हणतात: पाठीवर लहान लहान चकत्यांत निरनिराळी द्रव्ये चिकटवून ती ४८ तास ठेवतात, काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी कोणत्या जागी लाली व पुरळ उठले ते पाहतात. प्रतिक्रिया उशिरा येते, कारण येथे रक्तातील प्रतिपिंडांऐवजी टी-लसीकापेशी काम करतात. लँडस्टायनर आणि चेस यांनी १९४२ मध्ये अशी संवेदनशीलता पेशींच्या वाटे एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते हे दाखवून दिले.

या उशिरा येण्यातच सामान्य माणसाची फसगत आहे. आज लावलेल्या मलमाची खाज परवा सुटते, आणि तोपर्यंत त्याने दुसरे तीन पदार्थ वापरलेले असतात. त्याहून अवघड बाब अशी की शरीर एखाद्या द्रव्याविरुद्ध शिकायला काही दिवसांपासून काही वर्षांपर्यंत कितीही वेळ घेऊ शकते, त्यामुळे ‘हे तर मी दहा वर्षे वापरतो आहे’ हा युक्तिवाद त्या वस्तूला निर्दोष ठरवत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रातील घरगुती औषधांचा एक ठरलेला संच तयार झाला: टिंचर आयोडीन, मर्क्युरोक्रोम म्हणजे लाल औषध, डेटॉल किंवा सॅव्हलॉन, भाजलेल्या जागेचे पिवळे मलम आणि सोफ्रामायसीनची नळी. यांतील प्रत्येकात ॲलर्जीचे एखादे ज्ञात कारण आहे. मर्क्युरोक्रोममध्ये पारा आहे. पिवळ्या मलमातील नायट्रोफ्युराझोन हे भारतीय रुग्णांत बाह्य औषधांपासून होणाऱ्या ॲलर्जीचे एक अग्रगण्य कारण असल्याचे देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवले. सोफ्रामायसीनमधील फ्रॅमायसेटिन हे निओमायसिनचे सख्खे भावंड असून एकाला संवेदनशील झालेली व्यक्ती बहुधा दुसऱ्यालाही सोसू शकत नाही. डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉलची खरी ॲलर्जी तुलनेने विरळ आहे, पण पाणी न मिसळता ते जखमेवर ओतण्याची सवय फार रुळलेली असून त्याने होणारा दाह कोणालाही होऊ शकतो. या विषयाला भारतात शास्त्रीय पाया देण्याचे मोठे श्रेय दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांना जाते. भारतीय परिस्थितीला साजेशा द्रव्यांची पट्टीपरीक्षा रूढ करण्यात त्यांच्या कामाचा वाटा मोठा आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत या निदानात आणखी एक अडथळा येतो. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आलेले गाजर गवत पुढे सर्व महाराष्ट्रात पसरले आणि त्याच्या परागांनी व चुऱ्याने होणारे चेहऱ्याचे, मानेचे व हातांचे इसब इतके परिचयाचे झाले की शेतात राबणाऱ्याच्या कातडीवर काही उठले की संशय आधी गवतावर जातो. तो पुष्कळदा बरोबरही असतो. परंतु त्या इसबावर लावलेल्या मलमातील जंतुनाशकाला किंवा परिरक्षकाला रुग्ण नंतर संवेदनशील होतो, फाटलेल्या कातडीतून ते द्रव्य सहज आत शिरते, आणि आता गवतापासून दूर राहूनही इसब बरे होत नाही. मलमात स्टेरॉइड असेल तर घोटाळा आणखी वाढतो, कारण स्टेरॉइड त्याच मलमातील दुसऱ्या घटकाने उठवलेली सूज दाबून ठेवतो. लावले की बरे, सोडले की दुप्पट, असा क्रम सुरू होतो आणि रुग्ण त्याच नळीचा गुलाम होतो.

परिरक्षकांचे युग मात्र खऱ्या अर्थाने बाटलीत पाणी आले तेव्हा सुरू झाले. शांपू, त्वचेत मुरणारे क्रीम, ओले कुंकू, ओले पुसणे (वाइप्स), हात धुण्याचा द्रव साबण या साऱ्यांत मुख्य घटक पाणीच असतो, आणि परिरक्षक न घातल्यास त्यांत काही दिवसांत जंतूंची वाढ होऊन ती वस्तू स्वतःच रोगाचे कारण ठरू शकते. तेव्हा परिरक्षक घालणारा कारखानदार काही गैर करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न कोणते घातले आणि ते सांगितले की नाही, हा आहे. पॅराबेन हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरातला गट लोकांत फार बदनाम झाला असला, तरी त्याची ॲलर्जी प्रत्यक्षात इतकी कमी आढळते की अमेरिकी संपर्क-त्वचाशोथ संस्थेने २०१९ मध्ये त्याला मुद्दाम ‘ॲलर्जी न करणारे द्रव्य’ म्हणून गौरवले. फाटलेल्या कातडीवर मात्र तोही कधीकधी बाधतो. फॉर्माल्डिहाइड हळूहळू सोडणारी परिरक्षके अधिक त्रासदायक आहेत. आणि सर्वांत बोलके उदाहरण मिथाइलआयसोथायाझोलिनोनचे आहे: आधी ते दुसऱ्या एका द्रव्यासोबत वापरले जाई, २००५ मध्ये युरोपात ते प्रसाधनांत एकटे आणि अधिक प्रमाणात वापरण्यास परवानगी मिळाली, काही वर्षांतच इसबाच्या रुग्णांची लाट आली, आणि अखेर २०१७ पासून कातडीवर राहू देण्याच्या प्रसाधनांत त्यावर युरोपीय संघाने बंदी घातली. ही मात्रा दशलक्षात फार तर शंभर भाग एवढी होती. परिटाच्या सुकलेल्या खुणेने सैनिकांना जे शिकवले ते पुन्हा शिकावे लागले.

मराठी घरातील स्त्रीच्या कपाळावर या बदलाची खूण सर्वांत स्पष्ट उमटली. हळदीच्या कुंकवाची जागा कृत्रिम रंगांच्या कुंकवाने घेतली, आणि त्यातील काही रंगांनी कपाळावर काळपट डाग पडू लागल्याचे अभ्यास १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध होत आले. मेण आणि कुंकू या दोहोंची जागा चिकट टिकलीने घेतली तेव्हा टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल या द्रव्याने कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशी मारल्या जाऊन बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उमटू लागला. वैद्यकीयदृष्ट्या हा विकार किरकोळ वाटला तरी गावात पांढऱ्या डागाचा अर्थ कोड असा घेतला जातो, आणि लग्नाच्या मुलीच्या किंवा नव्या सुनेच्या कपाळावर तो दिसला तर तिने सोसायचे ते शास्त्राच्या कोणत्याही मापात मावणारे नसते. कारण एका गोंदात आहे, तिच्या रक्तात नाही, हे तिला वेळीच सांगितले गेले पाहिजे.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्याचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथील भूगर्भातील पाणी खारट आणि जड असल्याने साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण आणि धुण्याची पूड अधिक लागते, आणि न निघालेला अंश कातडीवर राहून ती कोरडी पडते. कोरडी, तडकलेली कातडी हे ॲलर्जीकारक द्रव्यांना मोकळे दार असल्याने, एकाच साबणाचा परिणाम घाटावरच्या गावात आणि पूर्णाकाठच्या गावात सारखा असेलच असे गृहीत धरता येत नाही.

याच पट्ट्यात २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी जे घडले त्याने बुलढाण्याचे नाव देशभर झाले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागले. पहिला संशय शांपूवर गेला, मग बुरशीवर, मग पाण्यावर. आरोग्य खात्याची आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, आणि पुढे विंचूदंशावरील कार्यासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासातून शिधावाटप दुकानातील गव्हात असलेल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. हा प्रसंग ॲलर्जीचा नव्हता, पण ॲलर्जी म्हणजे काय हे समजण्यास तो उपयुक्त आहे. ॲलर्जी गावाला एकदम होत नाही. ती एका घरात सुनेला होते आणि सासूला होत नाही, कारण ती द्रव्याइतकीच त्या शरीराच्या पूर्वानुभवावर अवलंबून असते. गावेच्या गावे एकाच आठवड्यात आजारी पडतात तेव्हा अन्न, पाणी किंवा संसर्ग यांतील समान कारण शोधावे लागते. शांपूवर लोकांनी सहज घेतलेला संशय चुकीचा ठरला, तरी आपल्या न्हाणीत असलेल्या पुडीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

ही पुडी कशी आली हेही पाहण्यासारखे आहे. तामिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शांपू काढला आणि लहान पुडीत, मोजक्या पैशांत शांपू विकण्याची रीत देशाच्या खेड्यापाड्यांत नेण्यात त्याचा वाटा मोठा राहिला. आज मेहकरच्या किंवा संग्रामपूरच्या आठवडी बाजारात किराणा दुकानाच्या दाराशी पुड्यांच्या माळा लोंबतात, आणि रोजंदारीवर जगणारे कुटुंब मोठी बाटली सहसा घेत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे, आणि त्याखालील प्रसाधनांचे नियम २०२० मध्ये स्वतंत्रपणे लागू झाले. त्यांनुसार वेष्टनावर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. परंतु ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाला आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन वा निमघन मालाला या यादीतून सूट दिलेली आहे. म्हणजे मोठी बाटली घेणाऱ्या शहरी ग्राहकाला परिरक्षकाचे नाव वाचता येते, आणि पुडी घेणाऱ्या गरिबाला ते वाचण्याचा हक्कच नाही. जागा नाही ही सबब टिकणारी नाही, कारण त्याच पुडीवर नटीचे चित्र छापायला जागा असते; आणि पुड्यांच्या माळेवर किंवा दुकानात लावायच्या तक्त्यावर ही यादी मराठीत देता येणे शक्य आहे.

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून, तेथील त्वचारोग विभागात पट्टीपरीक्षेची नियमित सोय व्हावी आणि तीत भारतीय द्रव्यसंचाबरोबर बिबा, गाजर गवत, कुंकू आणि टिकलीचा गोंद यांचाही समावेश असावा. तोपर्यंत ज्याचे इसब महिनोन्‌महिने बरे होत नाही अशा प्रत्येकाने डॉक्टरकडे जाताना घरातील साबणाचे वेष्टन, मलमाची नळी, शांपूची रिकामी पुडी आणि टिकलीचे पाकीट एका पिशवीत घालून सोबत न्यावे, आणि डॉक्टरने ते एकेक करून पाहावे. लहान पुडीला मिळालेली घटकयादीची सूट शासनाने विनाविलंब रद्द करावी.